दशा न बांधलेली घोंगडी

आधी रखमावैनींचं नाव घेते. त्या दिवशी भरल्या अंगणात त्यांनी मला सांभाळून घेतलं नसतं, तर तात्यांबद्दल चार ओळी लिहायला माझा हात धजला नसता. रखमावैनी म्हणजे तात्यांच्या सूनबाई. आणि तात्या म्हणजे आमच्या बजाजनगरच्या शेडमध्ये खड्ड्याच्या मागावर बसून घोंगड्या विणणारे म्हातारबाबा. त्यांना जाऊन आता दीड महिना होईल.

त्या दिवशी सकाळी मी शेडचं शटर वर केलं, तेवढ्यात वैनींचा फोन आला. तात्या भाच्याच्या लग्नाला म्हणून फर्दापूरजवळच्या त्यांच्या गावी गेले होते आणि तिथंच थोडे दिवस राहिले होते. वैनी म्हणाल्या, "सुनंदा, तात्या गेले गं. चहा मागितला, अन् कप हातात द्यायच्या आत…" मग म्हणाल्या, "शेडमधली काळी घोंगडी तेवढी घेऊन ये. दुपारपर्यंत ये. सगळे थांबलेत." मी "व्हय" म्हणाले आणि तिथंच खाली बसले. तात्यांनी विणून ठेवलेली काळी घोंगडी शेडमध्ये नव्हती. तीन वर्षांपूर्वी मीच ती कात्रीनं कापली होती.

मी मूळची किनवटच्या पलीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं शिलाई शिकले आणि भावाच्या मागं इकडं आले. कंपनीतलं कंत्राटी काम संपलं, भाऊ पुण्याला गेला, मी इथंच राहिले. परत गेले असते तर घरच्यांनी महिन्याभरात लग्न उरकलं असतं, हे मला ठाऊक होतं. तेव्हा मंदाताईंनी शेडमध्ये काम दिलं. मंदाताईंचा उद्योग जरा निराळा. दूरदेशी काही लोक आहेत, ते त्यांच्या जुन्या देवांना, झाडांना, सूर्याला मानतात. ऋतू बदलला की रानात जमून आग पेटवतात आणि शेकडो वर्षांपूर्वी माणसं जशी राहायची तसे कपडे घालतात. त्यांना हातमागाच्या लोकरीचे, टोपीवाले, पायघोळ झगे लागतात. शिलाई हाताची, गुंड्या लाकडाच्या. मंदाताईंनी कुठंतरी घोंगडी दाखवली आणि त्या लोकांना ती आवडली. असं आमचं काम सुरू झालं.

पहिल्या दिवशी मी भिंतीला चिकटून उभी होते. तात्यांनी विचारलं, "शाळा किती?" म्हटलं, "सातवी." तर म्हणाले, "मग तू तर मास्तरीण झाली. मी दुसरी नापास हाय." शेड हसलं. मीही हसले, इथं आल्यापासून पहिल्यांदा. मंदाताईंनी एकदा मोबाइलवर त्या परदेशी लोकांचा फोटो दाखवला. दाढीवाले बाप्ये, केस मोकळे सोडलेल्या बाया, सगळे लोकरी झगे घालून शेकोटीभोवती उभे. तात्यांनी मोबाइल नाकाजवळ नेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे तर आमचेच पाव्हणे दिसतेत. पण मेंढरं कुठं बांधलीत यांनी?"

तात्यांचं काम बघायला मिळणं हेच मोठं शिक्षण होतं. सिल्लोडकडं मेंढपाळ उतरले की ते स्वतः जाऊन लोकर निवडायचे. वैनी घरी सूत कातायच्या. चिंचोक्याची खळ शिजवून तात्या ती ताण्याच्या उभ्या धाग्यांना फासायचे, आणि वाळेपर्यंत कुणाला शेडमध्ये झाडू मारू द्यायचे नाहीत. धूळ बसली तर घोंगडीनं खाज सुटते, म्हणायचे. विणताना तोंडानं काहीतरी पुटपुटत असायचे. मी विचारलं, मंत्र आहे का? तर म्हणाले, "नाय गं, धागे मोजतो. मधी बोललीस की चुकतंय."

आता ती चूक सांगते. बारा झग्यांचं काम होतं आणि एक घोंगडी कमी पडत होती. तात्या लोकर बघायला गेले होते, मंदाताई शहरात होत्या. मागाखाली तात्यांची पत्र्याची पेटी असायची, तिला कुलूप कधीच नसायचं. मी उघडली तर आत काळीभोर, मऊ घोंगडी. तिच्या दोन्ही टोकांना लोंबणाऱ्या धाग्यांच्या दशा मोकळ्याच, एकही गाठ मारलेली नव्हती. मला वाटलं, काम अर्धवट राहिलेला माल असेल, नाहीतरी टोकं कापायचीच आहेत. मी खडूनं आखलं आणि कात्री लावली. संध्याकाळी तात्या आले तेव्हा तो झगा मीच अंगात घालून उभी होते. "तात्या, बघा की, कशी दिसते?"

त्यांनी झग्याची कड हातात घेतली. बोटानं चाचपली.

"कुठनं घेतली?"

"पेटीतनं. दशा बांधायच्या राहिल्या होत्या ना, म्हणून म्हटलं…"

"राहिल्या नव्हत्या पोरी. ठेवल्या होत्या."

मग ते मागाच्या कडेवर बसले आणि हळूहळू सांगितलं. त्यांच्या घरात माणूस आपल्या शेवटच्या दिवसाची घोंगडी स्वतः विणून ठेवतो. तिच्या दशा तो बांधत नाही. त्या घरच्या माणसांनी त्या दिवशी बांधायच्या, मग घोंगडी अंगावर घालायची. आणि ही घोंगडी तात्यांनी स्वतःच्या कळपातल्या कोकरांच्या पहिल्या लोकरीची विणली होती. त्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात. पुढं कळप विकावा लागला. त्या कळपाचं त्यांच्याकडं एवढंच उरलं होतं, आणि ते मी अंगात घालून आरशासमोर फिरून आले होते.

आता मंदाताईंना कळणार, आता गावची गाडी, एवढंच डोक्यात होतं. मंदाताई आल्याच. "अरे वा, काळा! ही घोंगडी कुठली?" तात्या मान वर न करता म्हणाले, "मीच दिली काढून. बारा पुऱ्या होत नव्हत्या." त्या आत गेल्यावर मला म्हणाले, "डोळे पूस. मला काय उद्याच जायचंय का? विणू दुसरी."

त्यानंतर त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. पावसात मेंढपाळ घोंगडीचा कोपरा दुमडून डोक्यावर घेतो, तिला खोळ म्हणतात. तात्यांनी ती खोळ माझ्या डोक्यावर घालून दाखवली, दोन ठिकाणी टाका घालायला लावला आणि म्हणाले, "झाली टोपी. कात्री कशाला पायजे?" तेव्हापासून आमचे झगे न कापता होतात. परदेशातल्या लोकांना तेच जास्त आवडतात. मंदाताई सगळ्यांना सांगतात, ही कल्पना सुनंदाची. मी दोनदा खोडून काढायला गेले. दोन्ही वेळा तात्यांनी खोकून मला गप्प केलं.

दुसरी काळी घोंगडी मात्र सोपी नव्हती. काळी कोकरं आता कमी. मूठमूठ जावळ जमवण्यात दोन वर्षं गेली. सूत आलं, ताणा लागला, तोवर तात्यांचा हात थरथरायला लागला होता. झग्यांचं काम आटोपलं की दिवसाकाठी वीतभर विणायचे. कधी तेवढंही नाही. लग्नाला निघताना मागाकडं बघून म्हणाले, "आल्यावर बघू." घोंगडी निम्मीच झाली होती.

वैनींच्या फोननंतर मी तशीच बसले होते. मंदाताई आल्या, त्यांना म्हटलं, मला फक्त कात्री लावायचं बळ द्या. काय झालंय ते त्यांना कळेना. मागावरून अर्धी घोंगडी काढायची तर ताणा कापावाच लागतो. दुसऱ्यांदा मीच कापत होते… या वेळी काय कापते ते मला माहीत होतं. मंदाताईंनी गाडी काढली. सिल्लोड येईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रस्त्याकडं बघत एवढंच म्हणाल्या, "तीन वर्षं हे पोटात घेऊन माझ्यासमोर जेवत होतीस?"

अंगणात माणसं बसली होती. मी घडी उलगडली तर भावकीतले एक आजोबा उठून उभे राहिले. "ही तर अर्धी हाय! तात्यानं विणून ठेवलेली कुठं गेली? ह्या पोरीला इचारा." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडणार, एवढ्यात रखमावैनी पुढं आल्या.

"हीच हाय त्यांची. सूत मी कातलंय, मला ठावं हाय."

"अन् पाय? पाय उघडे राहतेत की."

"राहू द्या. जल्मभर मेंढरामागं उघड्या पायानंच हिंडले ते."

एका टोकाच्या दशा तात्यांच्या मुलानं बांधल्या. दुसरं टोक, मी कापलेलं, वैनींनी माझ्या हातात दिलं. आजोबा पुन्हा म्हणाले, "घरच्या माणसानं बांधायच्या असतेत." वैनी म्हणाल्या, "मग घरचीच बांधतीय." मी गाठी मारत गेले. किती मारल्या, मोजल्या नाहीत. घोंगडी तात्यांच्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत आली.

निघताना वैनींनी मला चुलीजवळ बोलावलं. म्हणाल्या, "मला ठावं होतं गं. काळं जावळ दुसऱ्यांदा कातायला आणलं तवाच कळलं, पयली गेली. इचारलं तर म्हणाले, उंदरानं खाल्ली. लई मोठा उंदीर असंल, म्हटलं मी." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना रडू फुटलं.

आता शेडमध्ये तात्यांचा माग तसाच आहे. खड्ड्याच्या कडेला ते टेकायचे तिथं माती गुळगुळीत झाली आहे. उरलेल्या काळ्या ताण्याची टोकं मी पुन्हा मागाला बांधून घेतली. मंदाताई रोज दुपारी तासभर मला तिथं बसू देतात. माझे पाय खड्ड्यातल्या, पायानं दाबायच्या पावड्यांना नीट पोचत नाहीत, काठ वाकडा येतो, उसवते, पुन्हा विणते. विणताना मीही आता तोंडानं पुटपुटते. कुणी मधी बोललं की चुकतंच.

रखमावैनी, तुम्ही आजवर सगळ्यांसाठी सूत कातलंत. तुमच्या अंगावर मी कायम दुकानातली पातळ शालच बघितली. या मागावरून सरळ काठाची जी पहिली घोंगडी निघेल, ती तुमची. थंडीत पांघरायला, अंगणात बसायला, जिवंतपणी वापरायला. मी भित्री आहे, हात हळू चालतो, किती दिवस लागतील सांगता येत नाही. पण विणून आणीन, आणि तिच्या दशा बांधूनच आणीन.