डांबराखालची जीप

आमची जीप लढाईतून आली होती आणि तिची भांडायची खोड शेवटपर्यंत गेली नाही. रोज सकाळी तिच्याशी दोन हात केल्याशिवाय ती सुरू होत नसे. आमचे हे लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्या चालवत होते. सुटून घरी आले ते डोक्यात जीप घेऊनच. सरकारनं जुन्या लष्करी गाड्या विकायला काढल्या तेव्हा त्यांनी होती नव्हती ती कमाई घालून एक उचलली आणि पेणच्या खारेपाटातल्या आमच्या गावात आणून उभी केली. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच हंगामात आमचं लग्न झालं. म्हणजे मी आणि जीप साधारण एकाच सुमाराला त्या घरात आलो. कोणाचं कौतुक जास्त झालं ते सांगायला नको.

मला मात्र ती गाडी हवीच होती, आणि चाकांच्या हौसेपोटी नव्हे. आमच्याकडं पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मीठ, एवढ्यावर घर भागत नसे. मग घरातला एक पुरुष मुंबईला जाई, गोदीत नाहीतर गिरणीत. माझा बाप असाच गेला होता. तो शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, आणि आई त्याला जेवायला वाढताना पाहुण्याला विचारावं तसं भात वाढू का म्हणून विचारायची. मला ते बघवत नसे. लग्नाची बोलणी चालली असताना मी आतून विचारलं, मुलगा घरी राहणार की मुंबईला जाणार. मुलीनं असं विचारायची पद्धत नव्हती. मावशीनं मला सणसणीत चिमटा काढला. पण सासऱ्यांनी ओटीवरून सरळ उत्तर दिलं, "त्याची गारी हाय. तो कशाला जातंय मुंबयला?"

एवढ्यावर मी हो म्हटलं. गाडी चालेल तोवर नवरा घरी, हा हिशेब मी तेव्हाच मनाशी पक्का केला.

गाडीचं काम असं होतं. मिठागरातल्या मिठाच्या राशी बांधावरून बाहेर काढायच्या आणि मोठ्या रस्त्याला नेऊन ट्रकवाल्यांच्या हवाली करायच्या. बांध म्हणजे खाडीच्या चिखलाचा, जेमतेम एका बैलगाडीच्या रुंदीचा. भरतीनं भिजला की त्यावर माणूससुद्धा घसरे. तिथं दुसरी कोणतीही मोटार गेली असती तर खालच्या खाजणात, खाडीच्या दलदलीत, आडवी झाली असती. आमची जीप मात्र चारी चाकांनी चिखल उपसत, कण्हत-कुथत का होईना, बाहेर यायची. मिठाचा हंगाम नसला की भात, पेंढा, पेणला जाणाऱ्या बायका, अडलेली बाळंतीण, काय वाटेल ते त्या गाडीत बसे.

गाडी परदेशी घडणीची असल्यामुळं तिचं चाक डावीकडं होतं. मी उजवीकडं बसायची. त्यामुळं पेणच्या बाजारात शिरलो की लोकांना वाटे बाईच गाडी हाकते आहे, आणि शेजारचा पुरुष हात हलवत नुसता बसला आहे. सुरुवातीला मी लाजून पदर ओढून घ्यायची. पुढं पुढं मला त्याची गंमत वाटू लागली. एकदा मी मुद्दाम दोन्ही हात मांडीवर ठेवून आकाशाकडं बघत बसले, तर एक भाजीवाला टोपली टाकून बाजूला पळाला.

तिच्या दुरुस्तीनं मात्र आमच्या नाकीनऊ आणले. खारी हवा तिच्या वायरींत शिरून हिरवा चुरा करी. प्लग रोज काढायचे, काचकागदानं घासायचे, चुलीपाशी गरम करायचे आणि मग हँडल मारायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट गेलंच. यांचं मनगट दोनदा सुजलं आणि दोन्ही वेळा त्यांनी राग माझ्यावर काढला. सुटे भाग मुंबईच्या जुन्या बाजारातून येत, तेही येतील तेव्हा. तोवर सगळी घरगुती औषधं. रेडिएटर गळला की कपड्याचा साबण थापायचा. स्प्रिंगचा पाटा तुटला की लाकडाची पाचर मारून सुंभानं करकचून बांधायचं. एकदा ब्रेकचं तेल मिळेना, तेव्हा यांनी सासऱ्यांच्या पोटासाठी आणलेल्या एरंडेलाची बाटली ब्रेकमध्ये ओतली. ब्रेक लागले. सासरे आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

सासरे म्हणजे जुने मचवेवाले. तरुणपणी मिठानं भरलेला मचवा, म्हणजे शिडाचं गलबत, घेऊन ते पार मुंबईपर्यंत जात. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण गाडीचं पोट मचव्याच्या पोटासारखं सांभाळायचं असतं यावर ते ठाम होते. दर वैशाखात, शेवटचं मीठ बाहेर पडलं की, मचवा जसा पावसाआधी काठावर ओढून घेत तशी ते जीप अंगणातल्या दगडांवर चढवायला लावत. मग चुलीवर डांबर उकळायचं आणि खाली पाठीवर झोपून काथ्याच्या कुंच्यानं चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जाड थर द्यायचा. वर नारळीच्या झापांचं छप्पर. चार महिने पाऊस ओसरेपर्यंत गाडी तशीच.

डांबर लावण्याआधी गाडी धुतली का, असा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही. खारेपाटात वैशाखात गोडं पाणी म्हणजे काय चीज असते ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. आमच्या विहिरीचं पाणी खारट. प्यायचं पाणी बाया डोक्यावरून लांबच्या तळ्यावरून आणायच्या, आणि तेही गाळून. ते पाणी लोखंडावर ओतलं असतं तर सासूनं मला माहेरी धाडलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. गाडी खाडीच्या पाण्यानं खळबळून घ्यायची, चिखल गेला की झालं. मीठ राहिलं तर राहू दे. मिठाची आम्हांला कसली भीती? आमची मासळी मिठात टिकत होती, कैरी मिठात टिकत होती, मचव्याचं लाकूड खाऱ्या पाण्यात सासऱ्यांच्या बापापासून टिकलं होतं. मीठ नासवतं हे आम्हांला कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं.

अशी बरीच वर्षं गेली. दोन मुली झाल्या. मिठागराच्या वाटेनं बरे रस्ते व्हायला लागले, तसे ट्रकवाले आणखी आत येऊ लागले आणि आमच्या फेऱ्या कमी झाल्या. जीप मीठ थोडंच वाही, पेट्रोल मात्र पोटभर पिई. यांच्या लक्षात आलं की आता रोजच्या कामाला वेगळी गाडी हवी. पक्क्या रस्त्यावर पेण-पनवेल धावेल, भाजी-मासळी-भात मागं मावेल, आणि हँडल न मारता सुरू होईल अशी. पिकअप. हा शब्द आमच्या घरात आला आणि ठाण मांडूनच बसला.

पनवेलच्या एका गॅरेजवाल्याकडं विकायला दोन होत्या. एक नवी, इथंच जुळवलेली, जीपच्याच जातीची, पण मागं छोटा हौदा. दुसरी जुनी, गोल नाकाची, हिरवी, लाकडी फळ्यांच्या लांब हौद्याची. आमच्यात रोज वाद. सासरे म्हणाले, लाकडाची घ्या, लाकूड ओळखीचं आहे. यांना पाटे बघायचे होते, इंजिन ऐकायचं होतं, चढावर भरून नेऊन बघायचं होतं. मी म्हटलं, पुढं तिघं बसतील ती घ्या, म्हणजे मुलींना हौद्यात उन्हात बसवायला नको. त्यावर हे हसले आणि म्हणाले की तू गाडी निवडतेस की घर? मी म्हटलं, दोन्ही एकच. तेव्हा ते हसायचे थांबले. मुंबईला गोदीत एका नातलगानं त्यांच्यासाठी चालकाची जागा बघून ठेवली होती हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना.

शेवटी हिरवीच ठरली. यांनी ती दोनदा चालवून पाहिली आणि घरी येऊन जेवताना तिच्या गिअरचा आवाज तोंडानं काढून दाखवला. मुली हसून लोळल्या. इतके खूश मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. गॅरेजवाला आमची जीप बदल्यात घ्यायला तयार होता. बांधावर, डोंगरात चालणाऱ्या जीपला खोपोलीकडं गिऱ्हाईक आहे, म्हणाला. जीप चांगली निघाली तर वरचे थोडे पैसे आम्ही कसेही उभे केले असते. ती निघाली नाही तर पिकअप नाही, हेही स्पष्टच होतं.

जीप घेऊन आम्ही पनवेलला गेलो. सासरेही बरोबर आले, धुतलेलं धोतर नेसून. गॅरेजवाल्यानं इंजिन ऐकलं, मान डोलावली. गिअर टाकून पाहिले. मग तो खाली सरकला. खालून फक्त ठोकल्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज लोखंडाचा नव्हता. नंतर त्यानं यांना खाली बोलावलं, आणि मीही वाकून पाहिलं. त्यानं हातातला पेचकस चासीला टेकवून नुसता दाबला. पेचकस डांबरातून आरपार गेला. त्यानं कडेचं डांबर ओढलं तर त्याबरोबर तांबडा भुगा पदर पदर होऊन त्याच्या छातीवर सांडला.

तो बाहेर आला, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "यात लोखंड राहिलंच नाय, भाऊ. तुमची गाडी डांबरावर उभी आहे."

यांनी विचारलं की जोड मारता येईल का. तो म्हणाला की जोड कशाला मारू, धरायला काही उरलेलं नाही. मीठ आत ठेवून वरून डांबर लावलंत, ते बाहेर कुठून पडणार? दरवर्षी एक थर कोंडलात. त्यानं ते दोष देऊन सांगितलं नाही, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

सासरे उकिडवे बसून तो भुगा बोटांनी चोळत होते. "मिठान ठेवलेला काय नासतंय?" त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे. गॅरेजवाल्यानं मान फिरवली. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्याची इतकी कीव आली की मी त्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं. सुनेनं सासऱ्याला असा हात लावायची रीत नव्हती. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

जीप भंगारात गेली. हिरवी पिकअप तशीच उभी होती. निघताना यांनी तिच्याकडं पाहिलं नाही, मी पाहिलं. एसटीनं परत येताना आम्ही तिघंही तीन वेगवेगळ्या बाकांवर बसलो, जागा असूनसुद्धा.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. दसरा झाला आणि हे धरमतरहून लाँचनं मुंबईला गेले. गोदीतली जागा भरली होती, पण एका सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याकडं पिकअपवर चालक म्हणून लागले. दोन वर्षं करतो, मग आपली घेऊ, म्हणाले. मी हो म्हटलं. तेव्हाही माझा त्यावर विश्वास नव्हता, आणि मला वाटतं त्यांचाही नव्हता. दोन वर्षांनी त्यांनी ते बोलायचं बंद केलं आणि मी विचारायचं. सासरे त्यानंतर कशालाच हात लावीत नसत. साधी खाट विणायची झाली तरी मला विचारत, असं करू ना, चुकत तर नाही ना?

पुढं तिसऱ्यांदा दिवस गेले असताना माझी तब्येत बिघडली, म्हणून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागलं. चार दिवसांनी मला सोडलं तेव्हा हे मला भाऊच्या धक्क्यावर पोचवायला आले, मालकाची गाडी घेऊन, मासळी उतरवून येता येता. पुढं मालकाचा मुनीम बसला होता. कामाची गाडी, घरच्या माणसांना पुढं बसवायचं नाही असा मालकाचा दंडक. मला हौद्यात रिकाम्या गोणींवर बसवलं. त्यांनी स्वतः माझा हात धरून चढवलं आणि पाय नीट घे म्हणाले. गाडी छान होती. पाटे मऊ होते, गिअर बिनआवाजी पडत होते, मला सगळं कळत होतं.

पाठीमागच्या छोट्या काचेतून मला त्यांचं डोकं दिसत होतं. मागचे केस पांढरे झाले होते. कानाच्या वर नव्हे, अगदी मागं, मानेपर्यंत. हे कधी झालं मला माहीत नव्हतं. रोज ज्याच्या अंगावरचं डांबर नि ग्रीस मी घासून काढत होते, त्या माणसाचं डोकं पिकलं आणि मला ते एका काचेतून, मासळीच्या गोणींवर बसून कळलं.

धक्क्यावर पोलीस गाडी थांबवू देत नव्हता. त्यांना उतरता आलं नाही. मी एकटीच खाली उतरले, पिशवी घेतली आणि मागं न बघता लाँचकडं चालू लागले, कारण बघितलं असतं तर मी तिथंच रस्त्यात बसले असते.