बिनदेठाचे डेलिया

मद्रासमध्ये डेलिया लावायचा म्हणजे हवेशी उभं भांडण, आणि भांडायला मी कायम तयार असे. लग्न होऊन पुण्याहून मैलापूरला आले तेव्हा बाबांनी ट्रंकेत वाळूत घालून कंद दिले होते. त्यांच्या बागेतला जुना वाण, गर्द तांबडा पॉमपॉन. बाजूच्या कळ्या खुडून याचं फूल मोठं करायचं नसतं. लिंबाएवढं आणि गच्च गोल राहण्यातच त्याची शान. इथल्या उन्हाळ्यात निम्मे कंद सुकत, कार्तिकातल्या पावसात आणखी काही कुजत. उरतील ते मी गच्चीवरच्या कुंड्यांत लावत असे.

सासूबाईंचं माहेर-सासर पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचं. त्यांच्या लेखी फूल खुडायचं ते देठाशिवाय, देवाला नाहीतर वेणीला. मी हातभर देठासकट फुलं कापून फुलदाणीत उभी केली की त्या हसत. ‘‘इतका दांडा कोणास गं?’’ मी नाक मुरडायची आणि पुन्हा तेच करायची.

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. त्या थंडीत एकच कुंडी तगली, पण फुलली अशी की पानं दिसेनात. महिला मंडळात पुष्परचनेची स्पर्धा होती. बक्षीस मेलं कुणाला हवं होतं? बाबांची फुलं इथल्या चार माणसांनी डोळे भरून पाहावीत, एवढंच मनात होतं. मी फुलदाणी घासूनपुसून ठेवली.

स्पर्धेच्या दिवशी उजाडता उजाडता कात्री आणि पाण्याची बादली घेऊन गच्चीवर गेले, तर झाडावर एक फूल नाही. कळ्या तेवढ्या उरलेल्या. तशीच खाली धावले. देवघरात समईपुढे पितळी ताटात सगळी फुलं, एकालाही देठ नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘ही स्पर्धेची फुलं होती! विचारायचं तरी मला!’’ सासूबाईंवर मी असा आवाज कधी चढवला नव्हता.

‘‘सरी,’’ त्या म्हणाल्या. बरं म्हणायचं असलं की त्या तमिळच बोलत. ‘‘आज तुझ्या बाबांची वर्षाची तिथ. तिकडे तुझा भाऊ सगळं करील. इथं त्यांच्या नावानं कोण काय ठेवणार? म्हणून त्यांचीच फुलं ठेवली.’’

मी इंग्रजी तारीख धरून चालले होते. माझ्या हिशेबानं अजून दहा-अकरा दिवस होते. मी तिथंच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. त्यांनी रडू दिलं. मग समईची वात सारखी करून त्या माझ्याजवळ पाटावर बसल्या.

‘‘मी त्यांस लग्नात पाहिलं, तेवढंच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कसे होते, सांग.’’

वर्षभरात हे मला कुणीच विचारलं नव्हतं. स्पर्धेची वेळ टळून गेली तरी मी सांगतच होते.