मावशीच्या गुडघ्याची पिशवी

खारदांड्याच्या मासेवाल्या मावशीने त्या सकाळी आपली गरम पाण्याची पिशवी दिली नसती, तर माझी नोकरी गेलीच होती.

मी चालवतो ती टर्बोवाली पेट्रोल पिकअप शेठने साकीनाक्याच्या गॅरेजात नेऊन जवळजवळ निव्वळ इथेनॉलवर, म्हणजे उसाच्या मळीच्या दारूवर, चालेल अशी करून आणली होती. "इंजिन थंड राहतं, म्हणून ताकद वाढते," तो म्हणाला. मी आठवीतून शाळा सोडलेला. थंड चांगलं, एवढंच डोक्यात ठेवून रात्री उरलेल्या बर्फाची गोणी सीटखाली इंजिनावर ठेवून दिली.

सकाळी मागे मावशीची सुरमई भरली आणि गाडी नुसती खोकत राहिली. इथेनॉल गार इंजिनात पेटता पेटत नाही, हे मला नंतर कळलं. शेठ फोनवर म्हणाला, "माल अंधेरीला वेळेत नाही पोचला तर तू गावची एसटी पकड."

"काय झालं रे हिला?" मावशीने विचारलं.

"थंडी वाजतेय, मावशी."

ती घरात गेली, गुडघे शेकायची पिशवी भरून आणली, इंजिनावर ठेवली आणि वरून टॉवेल पांघरला. "माझे गुडघेपण लगेच चालू होत नाहीत. गप बस जरा."

थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. धुराला आमच्या गावच्या साखर कारखान्यासारखा वास आला आणि मला रडूच आलं. मावशी पिशवी हुंगून म्हणाली, "वाट लागली. सून म्हणेल, म्हातारी प्यायला लागली."

कधीतरी माझी स्वतःची पिकअप होईल. तेव्हा मावशीला पुढे, बरोबर इंजिनावरच्या सीटवर बसवून फिरवीन. तिथे गुडघे फुकटात शेकले जातात.