वाढत्या अंगाचं लोखंड

माझ्या साडूंविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. त्यांचे किस्से लग्नकार्यांत भरपूर सांगितले, लोकांना हसवलं, पण दर वेळी एका ठिकाणी येऊन थांबलो. आज पुढचंही सांगतो. लोखंडाला कापड समजणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

नेवाशात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या माणसाने मशिनवर चादर टाकली आणि आयटीआयच्या वेल्डिंगच्या छोट्या कोर्सला नाव घातलं. मी म्हणालो, "साडूबुवा, या वयात?" तर म्हणाले, "गुरुजी, जोडायचंच काम हाय. सुई बदलली, एवढंच." वर्गातली मुलं त्यांच्या मुलाहून लहान. त्या मुलांचे ढगळ चामडी एप्रन त्यांना बघवेनात. सगळे घरी आणून त्यांनी ज्याच्या त्याच्या मापाचे करून दिले, वर छातीला खिसा लावला. मास्तरांनी विचारलं, "ठिणग्यांत खिसा कशाला?" हे म्हणाले, "खिशाबिगर मानूस उघडा वाटतो." गळ्यातला टेप आणि कानावरचा खडू तर शेवटपर्यंत सुटला नाही. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे चुरचुरले की बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून ओसरीत आडवे व्हायचे. आतून मेव्हणी ओरडायची, "झालं का तुमचं? फोडणी जळून चाललीय!" त्या दिवसांत त्या घरची बटाट्याची भाजी मी काही ना काही निमित्त काढून टाळत असे.

त्यांनी पहिलं फाटक शेजाऱ्याला करून दिलं. ते चांगलं चार बोटं रुंद झालं, बंदच होईना. शेजारी भडकला, "आवो, ह्ये काय केलं?" साडू शांतपणे म्हणाले, "वाढत्या अंगाचं ठिवलंय. आत कवाबी घेता येतं." शाळकरी पोरांच्या विजारी शिवण्यात हयात गेलेला हात, फाटक वाढत नाही हे त्याला उशिरा पटलं. मग त्यांनी ते कापून इतकं नेटकं बसवलं, की आजही एका बोटाने लागतं. हे मुद्दाम लिहितो, कारण किस्सा सांगताना हा शेवट मी कधीच सांगत नसे.

पुढे त्यांनी रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग लागायची. तरी त्यांच्या मनात एकच काम होतं. "ट्रॉल्या काय, चालूच हायेत. पर एकदा शाळंच्या जिन्याचा कठडा करायचाय. पोरं हात लावत लावत वर जात्यात, गुरुजी."

आणि आमच्या गावच्या शाळेला नवा जिना झाला. मी तिथलाच निवृत्त शिक्षक, समितीवर होतो. अध्यक्षांनी विचारलं, "गुरुजी, कठड्याचं काम तुमचे साडू करतील का हो?" सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि मला फाटक आठवलं. मी तो किस्सा रंगवून सांगितला, शेवट गाळून. वर म्हणालो, "वाढत्या अंगाचा कठडा करतील. पोरं चढतील ती थेट ढगात." खोली हसून लोटपोट झाली. काम दुसऱ्याला गेलं. शाळेचा जिना साडूंच्या वाट्याला पुन्हा कधी आला नाही.

त्याच आठवड्यात ते टेम्पोत पाइप आणि मशिन घालून माझ्या दारात उभे. मला वाटलं, भांडायला आले. ते म्हणाले, "अध्यक्ष सांगत हुते, तुमी माझ्यासाठी लई बोललात. काम न्हाई झालं, जाऊ द्या. पर माझ्यासाठी बोलनारं दुसरं कोन हाय?" अध्यक्षांनी त्यांचं मन राखायला थाप मारली होती. त्या थापेला जागून साडू माझ्या घराच्या पायऱ्यांना कठडा करून द्यायला आले होते.

दिवसभर खपले. कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर लांब निघाला. मी विचारलं, "हे जास्तीचं कशाला?"

"ऱ्हाऊ द्या. म्हातारपनी पायऱ्या सरल्या तरी धरायला कायतरी लागतंय." मग तोंडावर मुखवटा ओढून म्हणाले, "डोळे मिटा, गुरुजी."

मी मिटले. पापण्यांआड लाल उजेड झाला, चरचर सुरू झाली. त्या आवाजात मी म्हणालो, "साडूबुवा, मी तुमच्यासाठी बोललो नाही. मी तुमचं हसं केलं."

चरचर थांबली. मुखवटा वर झाला. "काय म्हनालात?"

"काही नाही. चहा टाकायला सांगतो."

"साखर कमी सांगा," म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

नंतर कितीतरी सणांना, लग्नांना आम्ही शेजारी बसून जेवलो. गेल्या वर्षी ते गेले. माझे गुडघे आता कामातून गेलेत. रोज सकाळी त्या कठड्याला धरूनच खाली उतरतो. आजवर पडलो नाही ही त्यांची कृपा. शेवटची पायरी सरते तेव्हा हात त्या जास्तीच्या तुकड्यावर येतो. तिथला जोड बोटांना लागतो. मी थांबतो, डोळे मिटतो. आता तिथे कसलाच आवाज नसतो.

साडूबुवा, त्या दिवशी मी चहाचं म्हणालो नव्हतो.