मेसमधला जावई

उदाराम जन्मला केशोरीच्या महारपुऱ्यात, विणकराच्या घरी. बोलायला लागला तेव्हापासून उलटच बोलायचा. मॅट्रिक झाला तेव्हा सरकारनं अस्पृश्य मुलांसाठी राखलेल्या जागेवर त्याला नागपूरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, वर शिष्यवृत्तीही. साल १९३८.

वसतिगृहाच्या मेसमध्ये त्याचं ताट दाराशी, चपलांच्या शेजारी ठेवत. पोरं त्याला 'सरकारचा जावई' म्हणत. सगळ्यांत मोठ्यानं म्हणे गोंदियाच्या व्यापाऱ्याचा चुन्नीलाल, जो त्याच वर्गात पुन्हा बसला होता. उदाराम हसण्यावारी नेई, पण खोलीत आला की पुस्तक नुसतंच उघडं राही. आपल्याला खरंच येतं की नुसतं आणून बसवलंय, हे त्याचं त्यालाच कळेना.

इंग्रजीच्या चाचणीत तो पास झाला. चुन्नीलाल म्हणाला, "मास्तर को भी सरकार का हुकूम आया होगा!"

"सरकारनं जागा देल्ली, पेपर मीच लिवला," उदाराम म्हणाला. "तुह्या बापानं कॉलेजले खोली बांधून देल्ली, तरी तू नापास काऊन होऊन राहिला?"

त्याच दुपारी तो पंगतीत मधोमध जाऊन बसला.

"इथं काऊन बसला?" आचारी ओरडला.

"जावई म्हणता न मले? मंग जावई चपलेपाशी बसते का? वाढ, अन् तूप घाल."

अख्खी पंगत उठली. आचाऱ्यानं पळी आपटली. उदारामनं पातेलं जवळ ओढलं, हातानं वाढून घेतलं, पोटभर जेवला आणि खणखणीत ढेकर दिला. संध्याकाळी निम्मी पोरं भुकेनं परत आली आणि त्याच्याकडे पाठ करून जेवली. चुन्नीलाल मात्र बाजारच्या जिलेबीवर राहिला आणि पोट धरून लोळला. अधीक्षकांनी उदारामला दम भरला, पण तो दाराशी परत गेला नाही.

बी.ए. होऊन तो गोंदियाला शाळेत मास्तर झाला. धाकटी बहीण देवका त्याच्याकडे राहून मॅट्रिक झाली आणि म्हणाली, "दादा, मले बी नागपूरले धाड."

"पोरीले कॉलेज कायले?"

तांदूळ निवडता निवडता देवकानं सूप खाली ठेवलं. "तुले जागा भेटली तवा लोकं असंच म्हणत होते न? आता तू बी म्हणून राहिला."

उदारामनं सूप उचललं आणि उरलेले तांदूळ आपणच निवडायला घेतले. जूनमध्ये तिची वळकटी खांद्यावर घेऊन तो गाडीत चढला. देवका पहिल्या वर्षी नापास झाली, पुन्हा बसली, पास झाली. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात घरी आली ती उदाराम मास्तरांच्या इंग्रजीतल्या चुका काढतच.