मणियाराची तालीम

चांदमामू आधी माणसाचा हात पाहायचे, मग तोंड. ते मणियार. खामगावात घरोघर फिरून बायकांना बांगड्या भरणं हा त्यांचा पिढीजात धंदा, त्यामुळे गावातल्या कितीतरी बायकांना ते चेहऱ्यापेक्षा मनगटावरून ओळखत. माझ्या मावशीच्या ओट्यावर त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं. खांद्यावरचा पेटारा उतरवून त्यांनी मावशीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लय धुणं धुऊन राह्यली तू माय. हाड सुजलं. ढिला सोड हात, मी हाये ना." काकांचंही न ऐकणारी माझी मावशी मुकाट्याने हात सैल सोडून बसली.

मी दाराआड उभा होतो. मला त्यांनी जवळ बोलावलं आणि माझाही हात धरला. मनगटावर निळसर वळ होते.

"हे बोटं कोणाचे?"

"पडलो," मी म्हणालो.

"जमीन बोटं उमटवते काय बे?"

मावशी आत चहा करत होती. तिला ऐकू जाईल म्हणून मी रडवेला झालो. मामू हळूच म्हणाले, "रविवारी दुपारी माह्या घरी ये. मशिदीमागं, निळा दरवाजा. मावशीले म्हण, पेटारा पुसू लागाले जातो."

मी मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या राज्यातला. आमचं गाव जाफराबादच्या बाजूला. आमच्या घरात मुळाक्षरं कोणालाच येत नव्हती आणि जवळपास इंग्रजी शाळाही नव्हती. वडिलांनी मला बैलगाडीत घालून, नाक्यावर झडती देऊन, वऱ्हाडात मावशीकडे आणून सोडलं. आज हे अंतर काहीच वाटत नाही. पण तेव्हा सरहद्द ओलांडली की राज्य वेगळं, नाणं वेगळं. आमचा निजामी रुपया हाली, इकडचा इंग्रजी रुपया कलदार. शाळेत पहिल्याच दिवशी माझं नाव नामदेव ऐकल्यावर सुखदेव नावाचा एक दांडगा मुलगा म्हणाला होता, "नाव कायले पायजे याले? हा हाली हाये. आपल्या इथं चालत नाही!" तेव्हापासून मी हाली झालो.

सुखदेव मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. अंगाने माझ्या दुप्पट. मधल्या सुट्टीत शाळेच्या विहिरीपाशी तो रोज माझं मनगट धरून पिळायचा. "बोल हाली, तुम्ही कसं बोलता? 'शाळेत जायलो' म्हण." मी कळवळून म्हणायचो, मुलं हसून लोळायची, मग तो सोडायचा. मी मनाशी ठरवलं होतं, दिवाळीला वडील न्यायला आले की जायचं आणि परत यायचं नाही. तसा निरोपही आमच्याकडच्या एका गाडीवानाबरोबर पाठवून दिला होता. शाळा सुटली तर सुटू दे, एवढा मी विटलो होतो.

रविवारी निळ्या दरवाजातून आत गेलो. मामूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी जवान व्हतो तवा हैदराबादेत राह्यलो. तिथं उस्तादापाशी बिनोट शिकलो. तू माह्या उस्तादाच्या मुलखातला. तुले शिकवणं मले लागतेच."

बिनोट म्हणजे काठी किंवा सुरा घेऊन आलेल्या माणसाला नुसत्या हातांनी थोपवण्याची विद्या. मोहरमच्या मिरवणुकीत मामू ती खेळून दाखवत, तेव्हा हिंदू-मुसलमान सगळा बाजार पाहायला लोटे. मला वाटलं, आता मलाही उड्या आणि पवित्रे शिकवतील. मामूंनी माझ्यापुढे बांगड्यांचा ढीग टाकला.

"यातल्या सगळ्यात लहान घे. आपल्या हातानं हातात भर. तडा जाऊ देऊ नोको."

"मामू, मी पोरगा आहे!"

"हाताले कुठं माहीत हाये तू पोट्टा हायेस का पोट्टी?"

चुलीपाशी बसलेल्या मामी पदरात तोंड घालून हसल्या. मी लाजेने लाल झालो, पण बसलो. अंगठा तळव्यात घ्यायचा, बोटांची पेरं एकावर एक आणायची, खांद्यापासून हात सैल सोडायचा. जोर लावला की हात फुगतो आणि बांगडी अडते. पहिल्या दिवशी मी काचांचा सडा पाडला. मामू एकदाही रागावले नाहीत. फक्त "फुटली" म्हटलं की चिडत. सौभाग्याच्या वस्तूला तसं म्हणायचं नाही. "वाढली म्हण," असं सांगत.

बांगड्या जमायला लागल्यावर त्यांनी स्वतःची मूठ माझ्या मनगटाभोवती आवळली. "आता ही बांगडी हाये. काढ." मी ओढलं. हात तसूभर हलला नाही. "ओढू नोको बे! बांगडीले सांधा नसते, मुठीले असते. पाह्य, अंगठा अन् बोटं जिथं भेटतात तिथंच मूठ कच्ची. तिकडून निघ." मी हात लहान केला, अंगठ्याच्या बाजूने फिरवला, आणि तो असा सुळकन बाहेर आला की मी स्वतःच मागे धडपडलो. मामींनी खुशीने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मग दर रविवारी तेच चाललं. मामू डावीकडून धरत, मागून धरत, दोन्ही हातांनी धरत. मी म्हणायचो, "मामू, मारायचं कधी शिकवणार?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "मारणं सगळ्याइले येते. माह्यापाशी जे हाये ते शीक."

त्यांच्या धंद्यातला एक रिवाज त्यांनी मला तिथेच समजावला. बांगडी भरताना वाढली तर तिचा भुर्दंड मणियाराने सोसायचा. गिऱ्हाइकाला बोलायचं नाही. "हात माह्या हातात देल्ला ना तिनं? मंग खोट माही," ते म्हणत. मला तेव्हा हा रिवाज नुसता बांगड्यांपुरताच वाटला.

दिवाळीची सुट्टी जवळ आली तेव्हा एक घोटाळा झाला. एका रविवारी सराव जरा जास्तच झाला आणि माझा हात सुजला. तेवढ्यात मामूंनी परीक्षा म्हणून एका नवरीच्या चुड्यातल्या हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. भरल्या तर खऱ्या, पण निघेनात. तेल झालं, साबण झाला. मी म्हणालो, "वाढवा मामू." मामू एकदम गंभीर झाले. "नवरीचा चुडा हाये. कसा वाढवू? सूज उतरली की निघतीन. उद्या घेऊन ये."

मी लांब बाह्यांचा सदरा घालून शाळेत गेलो. सगळा वेळ हात बगलेत. मधल्या सुट्टीत सुखदेव आला आणि त्याने नेहमीसारखं मनगट धरलं. खळ्ळकन वाजलं. त्याने बाही वर ओढली.

"अबे पाह्याले या! हालीनं बांगड्या भरल्या!"

सगळी शाळा विहिरीपाशी जमली. कोणी ओव्या म्हणायला लागलं, कोणी "नवरदेव कुठी हाये?" विचारू लागलं. खरं तर मला जागच्या जागी मरावंसं वाटायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष त्या चुड्याकडे होतं. सुखदेवाने आवळलं तर बांगड्या वाढतील, मामूंना भुर्दंड बसेल आणि नवरीला अपशकुन होईल. त्या काळजीत भ्यायचं राहूनच गेलं. मी हात सैल सोडला आणि अंगठ्याच्या बाजूने बाहेर आलो.

सुखदेव आपल्या रिकाम्या मुठीकडे पाहतच राहिला. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलो. आता मुलं त्याला हसायला लागली. "काय बे सुख्या, पोट्टं तेल लावून आलं काय?" चिडून त्याने दोन्ही हातांनी सगळा भार टाकून झेप घेतली. मी तिथून सरकलो आणि तो विहिरीच्या दगडी कठड्यावर हातावर आपटला. माझ्या बांगड्या मात्र शाबूत होत्या.

संध्याकाळी मी नाचतच निळ्या दरवाजातून आत शिरलो. सूज उतरली होती, बांगड्या अलगद निघाल्या. मामूंनी एकेक उजेडात धरून पाहिली आणि खूश झाले. मग विचारलं, "अन् त्या पोट्ट्याचा हात?"

"लचकला. गळ्यात बांधलाय," मी अभिमानाने म्हणालो.

"म्हंजे नुकसान झालं."

"पण मामू, तो आपणहून पडला! मी हातसुद्धा लावला नाही."

"गिऱ्हाईक हात हिसकते अन् बांगडी वाढते, तवा कोणाची खोट असते?"

"मणियाराची," मी खाली पाहत म्हणालो. मामूंनी मोहरीच्या तेलाची वाटी माझ्या हातात दिली, टोपी घातली आणि निघाले.

सुखदेवाच्या घरी त्याची आई मामूंची जुनी गिऱ्हाईक. त्यांना अवेळी पाहून ती चकित झाली. मामू म्हणाले, "वैनी, तुमच्या पोराचा हात माह्या शागिर्दापायी लचकला. चोळून देतो. बरा होईस्तोवर रोज येईन." मी वाटी घेऊन उभा. खाटेवर सुखदेव माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता. मामूंनी हात धरला तसा तो ओरडला, मग हळूहळू गप्प झाला. रोज आम्ही जात होतो. दोन-तीन दिवसांनी त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामू, तुम्ही हालीले काय शिकवलं?"

"नामदेवले," मामूंनी दुरुस्ती केली. "धरलेल्या हातातून निघाचं."

"मले काय शिकवान?"

"तुले धरलेलं सोडाचं शिकवतो. ते जास्त कठीण हाये. दिवाळी झाली की दोघं या."

सुखदेवाची आई खो खो हसली आणि सुखदेवही कसनुसा हसला. निघताना तो मला म्हणाला, "त्या बांगड्या काढल्या काय बे नामदेव?" शाळेतल्या मुलाच्या तोंडून माझं नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं.

दोनच दिवसांनी वडील आले. माझा निरोप त्यांना पोचला होता. ओट्यावर बसून खाली मान घालून म्हणाले, "घे बाबा तुझं गाठोडं. नसंल जमत तर ऱ्हाऊ दे. आपल्यात कोण शिकलंय?" मामू पेटारा घेऊन तिथेच उभे होते. माझे उस्ताद म्हणून मावशीने नुकतीच त्यांची ओळख करून दिली होती. त्यांनी माझ्या वतीने एक शब्दही बोलायला नको, असं मला वाटलं. ते पेटाऱ्याची दोरी उगाच सोडत आणि बांधत राहिले.

"बाबा, गाठोडं इथंच ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "दिवाळी झाली की यायचंय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामूंकडे. "चांदभाई, काय शिकवलंत हो याला?"

"पळाचं सोडून सगळं," मामू म्हणाले, आणि पेटारा उचलून "बांगडीऽऽ" अशी हाक देत गल्लीत चालू लागले. त्या हाकेत त्या दिवशी जरा जास्तच आवाज होता.

मी मॅट्रिक झालो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणून पुढे नागपूरला गेलो. आमच्या कुळात बी.ए. झालेला मी पहिला. निकाल लागला तसा गाडीत बसून थेट खामगावला उतरलो, मामूंना सांगायला. येतोय एवढीच तार केली होती, म्हणून स्टेशनवर सुखदेव आला होता. तो शेती पाहायचा आणि मामूंच्या अंगणात पोरांना बिनोट शिकवायचा. त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"पंधरवडा झाला," तो म्हणाला. "खांदा म्या देल्ला. तू नव्हता, म्हून तुह्या वाट्याचाही चाललो."

आम्ही दोघे कबरस्तानात गेलो. कबरीवरची माती अजून बसली नव्हती. मी म्हणालो, "मी पास झालो, एवढं तरी त्यांच्या कानावर जायला हवं होतं."

"गेलं ना. शेवटच्या दिवशी विचारत व्हते. म्या सांगून देल्लं, नामदेव बी.ए. झाला."

"अरे, निकाल तर परवा लागला!"

"मले काय माहीत नव्हतं काय?" सुखदेव डोळे पुसत हसला. "पंधरा दिवसापासून जीव टांगणीले हाये माहा. तू नापास झाला असता, त मले इथं येऊन माफी मांगा लागली असती बे."