हवेतून गेलेली रेघ

ऑफिसात तिला सगळे रेघाताई म्हणायचे. ती नोकरीला लागली तेव्हा कंपनीत यंत्रभागांचे नकाशे हाताने काढत आणि शाईच्या पेनाने तिच्याइतकी स्वच्छ रेघ कुणाला ओढता यायची नाही. पुढे नकाशांची टेबलं गेली, कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या दोघींनी काम सोडलं. हिने मात्र चाळिशी उलटल्यावर पोरासोरांच्या शेजारी बसून विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. लोखंडाच्या भागावर भार टाकला की तो कुठे किती ताण घेतो, ते आता ती पडद्यावर रंगांत बघायची.

कंपनी पंप बनवायची आणि दवाखान्यातल्या खाटाही. खाटेचं डोकं वर उचलणारा, लोखंडी पत्र्याचा एक वाकवलेला हात असतो. पाच खाटांच्या हातांना तडे जाऊन ते परत आले होते. एका खाटेवर तर पेशंट झोपलेला असताना हात मोडला. सुदैवाने नर्स जवळच उभी होती, म्हणून निभावलं.

साहेबांनी रेघाताईला बोलावलं. "बाई, या हातावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताण कसा बदलतो, त्याचा आलेख पाहिजे. गुरुवारी चार वाजता मीटिंग आहे. एक आलेख, बस. तासाभराचं काम."

तासाभराचं काम! सोमवारी सकाळी तिने दोन टोकांचे बिंदू निवडले, त्यांच्यामधून मार्ग आखला आणि आलेख काढला. रेघ छान चढत गेली आणि मध्येच गायब झाली. बोटभर रिकामी जागा, आणि मग पुन्हा सुरू. दात पडलेल्या तोंडासारखी.

तिला वाटलं, जाळी विरळ असेल. या सॉफ्टवेअरमध्ये आख्ख्या भागाचे बारीक तुकडे पाडून गणित करतात, त्याला जाळी म्हणतात. तिने जाळी बारीक केली. गणिताला तीन तास लागले. खिंडार तसंच. आणखी बारीक करावी म्हटलं, तर सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच, एका वेळी एकालाच वापरता येणारं, आणि ते पंपवाल्या विभागातल्या कुणीतरी अडवून ठेवलेलं.

"दहा मिनिटांत सोडतो, ताई," फोनवर उत्तर आलं. त्या दहा मिनिटांचे सव्वादोन तास झाले. ती चडफडत बसून राहिली. शेवटी पंपवाल्या विभागात जाऊन बघते तर गडी जेवायला गेलेला, आणि सॉफ्टवेअर उघडंच.

मंगळवारही असाच पाण्यात गेला. भार तपासला, धातूचे गुणधर्म तपासले, सगळं मिटवून पुन्हा पहिल्यापासून केलं. खिंडार हलायला तयार नाही. घरी जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं.

"झालं का तुझं ते?" नवऱ्याने विचारलं.

"झालं असतं तर असं तोंड केलं असतं का मी?" ती खेकसली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. लेकीने बापाकडे बघून हळूच ओठांवर बोट ठेवलं, ते तिला दिसलं आणि आणखीच राग आला.

बुधवारी दुपारी साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले. "अहो, मधला तुकडा हाताने जोडून टाका ना. रेघा ओढण्यात तुमचा हात कोण धरणार?"

"साहेब, तिथेच तडा जात असेल तर?"

"मीटिंगमध्ये भिंग घेऊन कोण बसणार आहे? मी तोपर्यंत जोडून पाठवतो, बरोबर झाला की बदलू."

ते गेले. रागाच्या भरात तिने माउस जरा जोरातच सरकवला आणि पडद्यावरचा हात आडवा फिरला. तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तीन दिवस ती त्या हाताकडे समोरून बघत होती. समोरून मार्ग बरोबर हातावर दिसायचा. बाजूने पाहिलं तर वाकापाशी हात वळून गेला होता आणि मार्ग आपला नाकासमोर सरळ, हवेतून. दोन बिंदूंमधून सरळ रेघच जाणार! हवेत कसला आलाय ताण? म्हणून तिथे आकडाच नाही.

तिला हसू आलं नाही. तीन दिवस फुकट गेल्याची चीड आली, ती स्वतःचीच.

तिने दोन बिंदू काढून टाकले आणि हाताची वळणारी कडाच मार्ग म्हणून निवडली. आलेख सलग आला. ताणाचं शिखर टोकापासून शेहेचाळीस मिलिमीटरवर. पण तक्रारीच्या कागदात तडा चाळीसवर होता. पुन्हा डोकं भणाणलं. ती कागद घेऊन तशीच वर्कशॉपमध्ये उतरली.

वेल्डिंगच्या मिस्त्रीने मोडके हात कोपऱ्यात ठेवले होते. "मोजलं कशाने?" त्याने विचारलं.

"कॅलिपरने, असं लिहिलंय."

"म्हणजे कॅलिपरच्या जबड्यांत धरून या टोकापासून त्या तड्यापर्यंत सरळ. वाकावरून नाही." त्याने खिशातून दोरी काढली, कडेवर बसवत वाकावरून नेली आणि तड्यापाशी चिमटीत धरली. तिने दोरी पट्टीवर ठेवली. शेहेचाळीस.

"वाक संपतो तिथेच आपण वेल्ड मारतो, ताई. दोन बोटं पुढे सरकवा म्हणून मी वर्षभर सांगतोय. माझं कोण ऐकतो?"

"उद्या ऐकतील," ती म्हणाली.

रात्र पडायच्या आत तिने नवा आलेख साहेबांना पाठवला. तरी गुरुवारी चार वाजता भिंतीवर दिसला तो जोडलेलाच. साहेबांनी तो आदल्या दिवशीच वरच्यांना पाठवला होता आणि बदलायचं राहून गेलं होतं. हाताने जोडलेल्या त्या तुकड्यात रेघ गुळगुळीत, शिखराचा पत्ता नाही. वरचे साहेब म्हणाले, "म्हणजे ताण कुठे एका जागी साठत नाही. पत्रा जाड करा."

रेघाताई उभी राहिली. "हा आलेख चुकीचा आहे. मधली रेघ खरी नाही, ओढलेली आहे. खरा माझ्याकडे आहे."

साहेबांचा चेहरा पडला. तिने खरा आलेख दाखवला, दोरीचं माप सांगितलं, आणि वेल्ड पुढे घ्यायची सूचना मिस्त्रीची आहे हेही सांगितलं.

वेल्ड सरकली. नवे हात चाचणीच्या यंत्रावर दोन महिने वर-खाली होत राहिले, एकालाही तडा गेला नाही. त्यानंतर तशी तक्रार आली नाही.

वर्षअखेरीस तिच्या कामाच्या मूल्यमापनात साहेबांनी लिहिलं : काम चोख, पण वेळेत होत नाही. वरिष्ठांशी बोलताना संयम हवा.

तिने ते दोनदा वाचलं. सही करायच्या जागेवर पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग खालच्या मोकळ्या जागेत तिने लिहिलं, "मान्य नाही," आणि त्याखाली सही केली.